वर्गणी सगळ्यांची, प्रचार एकाचा

1996 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कामगार युनियनची निवडणूक होती. मतदानाच्या ऐन तोंडावर एका बाईंनी एका उमेदवाराला 95,000 डॉलरची देणगी दिली. बाई त्या युनियनच्या सदस्य नव्हत्या, ट्रकचालकांच्या प्रश्नांशी त्यांचा थेट संबंधही नव्हता. मग एवढी मोठी रक्कम कशासाठी? प्रचाराच्या हिशोबात हे नाव दिसलं तेव्हा समोरच्या गटाने हरकत घेतली. चौकशी लागली. एकेक धागा ओढत गेल्यावर तो पोचला थेट युनियनच्या तिजोरीपाशी.

ही युनियन म्हणजे टीमस्टर्स. ट्रकचालक, गोदामातले हमाल, पार्सल पोचवणारे अशा सुमारे 14 लाख कामगारांची संघटना. तिथला साधा सदस्य महिन्याला साधारण दोन तासांची मजुरी वर्गणी म्हणून भरायचा. त्या वर्गणीतला पैसा चार हात फिरून एका उमेदवाराच्या प्रचारात गेला होता. ज्यांना तो उमेदवार नकोच होता, अशा लाखो कामगारांचा पैसाही त्यात होता.

युनियनच्या निवडणुकीत युनियनचीच साधनं वापरण्याचा हा प्रश्न वरवर साधा वाटतो. ‘युनियनच्या पैशाने स्वतःचा प्रचार करू नये,’ यात न समजण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण युनियनचा पैसा म्हणजे नेमकं काय, प्रचार कशाला म्हणायचं आणि चूक सापडली तर पुढे काय होतं, हे विचारायला लागलं की गुंता दिसतो. अमेरिकेचं उदाहरण मी मुद्दाम घेतोय, कारण तिथे या गोष्टीसाठी स्पष्ट कायदा आहे, त्याला साठ वर्षांहून अधिक काळ झाला आहे, आणि तो मोडल्याच्या कहाण्या न्यायालयांच्या निकालांत नोंदलेल्या आहेत.

आधी यातला अन्याय कळावा म्हणून घराजवळचं उदाहरण घेऊ. तुमच्या हाउसिंग सोसायटीची निवडणूक आहे. विद्यमान सेक्रेटरी पुन्हा उभे आहेत. सोसायटीच्या लेटरहेडवर ते ‘गेल्या पाच वर्षांतली कामं’ छापतात, सोसायटीच्या खर्चाने त्याच्या प्रती काढतात आणि सोसायटीच्या वॉचमनला प्रत्येक दारात टाकायला सांगतात. तुम्ही त्यांच्या विरोधात उभे आहात. तुमचं पत्रक तुम्ही पदरच्या पैशाने छापता, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर जिने चढून वाटता. आणि त्यांच्या पत्रकाचा खर्चही मेंटेनन्समधून तुम्हीच भरलेला असतो. स्वतःच्या पराभवाला स्वतःच वर्गणी द्यायची, असा हा प्रकार.

युनियनमध्ये हे आणखी टोकाला जातं. सोसायटीचे सेक्रेटरी बहुधा बिनपगारी असतात. मोठ्या युनियनचा अध्यक्ष पूर्णवेळ पगारी असतो. त्याच्या हाताखाली पगारी संघटक असतात, ऑफिसं, फोन, गाड्या असतात, प्रत्येक सदस्याच्या घरचा पत्ता असतो आणि प्रत्येक सदस्याच्या घरी जाणारं मासिक असतं. विरोधात उभा राहणारा माणूस मात्र दिवसभर कारखान्यात नाहीतर ट्रकवर असतो. पदावर असलेल्या माणसाचं पारडं आधीच इतकं जड असतं की कायद्याने निदान उघड वशिला तरी थांबवावा, एवढीच अपेक्षा उरते.

अमेरिकेत ही अपेक्षा 1959 साली कायद्यात उतरली. त्याच्या दोन वर्षं आधी तिथल्या सिनेटने युनियनांमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारी समिती नेमली होती. रॉबर्ट केनेडी त्या समितीचे मुख्य वकील होते, आणि साक्षीला आलेल्यांत टीमस्टर्सचे नेते डेव्ह बेक आणि जिमी हॉफा होते. युनियनचा पैसा काही नेते घरचा असल्यासारखा वापरत होते, हे देशाने त्या सुनावण्यांत पाहिलं. त्यातून जो कायदा झाला त्याला लँड्रम-ग्रिफिन कायदा म्हणतात.

या कायद्यातला आपल्या कामाचा नियम अगदी छोटा आहे. सदस्यांकडून वर्गणी म्हणून गोळा झालेला कोणताही पैसा, आणि कोणत्याही मालकाचा पैसा, युनियनच्या निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराला पुढे आणण्यासाठी वापरता येणार नाही. निवडणुकीची सूचना पाठवणं, मतपत्रिका छापणं, उमेदवारांचा संबंध नसलेल्या प्रश्नांची माहिती देणं, मतदान घ्यायला लागणारा इतर खर्च, एवढ्यासाठी तो वापरता येतो.

वाचताना ‘पैसा’ या शब्दाशी आपण थांबतो आणि नोटांचा विचार करतो. पण तिजोरीतून नोटा काढून प्रचाराला देणारा माणूस विरळाच. पैसा जातो तो वेगळ्याच वाटांनी, आणि अमेरिकी श्रम खात्याने व न्यायालयांनी त्या सगळ्या वाटा या नियमाखाली आणल्या आहेत.

सगळ्यात मोठी वाट म्हणजे पगारी वेळ. युनियनचा पगार घेणारा संघटक कामाच्या वेळात एखाद्या उमेदवारासाठी गेटवर पत्रकं वाटत असेल, तर त्या तासांचा पगार युनियनने प्रचारासाठी दिल्यासारखाच होतो. त्याने रजा टाकून किंवा सुट्टीच्या दिवशी प्रचार केला तर हरकत नाही, तो त्याचा हक्कच आहे. मधली जागा मात्र निसरडी आहे. समजा, अध्यक्ष एका कारखान्यात वेतनकराराबद्दल बोलायला गेले. सभा संपल्यावर कुणी विचारलं, ‘साहेब, यंदा पण उभे आहात ना?’ ते म्हणाले, ‘हो, मत द्या.’ नेमून दिलेलं काम करताना असा ओघात प्रचार झाला तर कायदा तिकडे काणाडोळा करतो. माणूस माणसाशी बोलणारच. पण गेल्या वर्षी एकदाही न फिरकलेले अध्यक्ष निवडणुकीआधीच्या महिन्यात करार समजावण्यासाठी म्हणून पंधरा कारखाने फिरले, तर त्या दौऱ्याचं कारण खरं काय होतं, हे विचारलं जातं.

मग फोन, झेरॉक्सचं यंत्र, कागद, टपालाची तिकिटं, युनियनच्या ई-मेल याद्या. यातली प्रत्येक गोष्ट फुटकळ वाटते. पण ‘थोडंच तर आहे’ म्हणून सूट मिळत नाही, रक्कम कितीही लहान असली तरी नियम मोडला तो मोडला. सदस्यांच्या पत्त्यांच्या यादीचं तर वेगळंच महत्त्व आहे. ती यादी कुठल्या एका उमेदवाराला प्रचारासाठी दिली तर तशीच ती दुसऱ्यालाही दिली पाहिजे. आणि काहीही झालं तरी प्रत्येक खऱ्या उमेदवाराचं पत्रक सदस्यांना पाठवून देण्याची रास्त विनंती युनियनला मानावीच लागते, खर्च त्या उमेदवाराचा. मला या कायद्यातली ही तरतूद फार मोलाची वाटते. विरोधकाकडे पैसा नसेल हे कायद्याला बदलता येत नाही, पण त्याचा आवाज टपालातच अडवला जाऊ नये, एवढं तरी तो करतो.

युनियनचं मासिक हा सगळ्यात अवघड भाग. ते बंद तर करता येत नाही. निवडणूक आहे म्हणून संपाची, करारांची, अध्यक्षांच्या कामाची बातमी छापायची नाही असं कसं चालेल? आणि अध्यक्षांचा फोटो बातमीत येणारच. मग बातमी कुठे संपली आणि प्रचार कुठे सुरू झाला, हे ओळखायचं कसं? अमेरिकेत यासाठी तीन गोष्टी एकत्र पाहतात: मजकुराचा सूर, त्यातली माहिती आणि तो छापण्याची वेळ. एकच बातमी घ्या. ‘वाटाघाटीत तासाला चाळीस सेंट वाढ मिळाली’ ही माहिती झाली. ‘आपल्या अध्यक्षांच्या खंबीर नेतृत्वामुळेच हे शक्य झालं’ इथे सूर बदलला. आणि हीच गोष्ट अध्यक्षांच्या चार फोटोंसह मतपत्रिका घरी पोचण्याच्या आठवड्यात छापली, गेल्या दोन वर्षांच्या अंकांत असं कधी केलं नव्हतं, तर मग ते मासिक प्रचारपत्रक झालं. त्यात कुठेही ‘यांना मत द्या’ लिहिलेलं नसलं, तरी. विरोधकाला झोडपणारा लेखही याच मापाने मोजतात, आणि विरोधकाचं नावच न छापणं हासुद्धा त्यातलाच एक मार्ग असतो. त्याचं उदाहरण पुढे येईल.

नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मालकाचा पैसा आहे, आणि इथे भलेभले फसतात. आपल्याला वाटतं, ज्या कंपनीशी युनियनचा करार आहे तिने आपल्या मर्जीतला अध्यक्ष निवडून आणू नये, एवढाच याचा अर्थ. तो आहेच. पण कायदा म्हणतो ‘कोणताही मालक’. त्या युनियनशी काडीचा संबंध नसलेला सुद्धा. समजा, एका उमेदवाराच्या मेहुण्याचं छपाईचं दुकान आहे, दुकानात चार कामगार आहेत. मेहुण्याने प्रेमापोटी पत्रकं निम्म्या दरात छापून दिली. इतर गिऱ्हाइकांना तो दर मिळत नसेल तर ही मालकाने दिलेली मदत ठरते, आणि नियम मोडला जातो. कठोर वाटतं. पण कामगारांची निवडणूक कामगारांच्याच ताकदीवर व्हावी, बाहेरच्या पैशाला एकही फट नको, हा त्यामागचा विचार आहे, आणि मला तो पटतो.

आता परत त्या 95,000 डॉलरकडे येऊ. त्या गुंत्याची उकल याच दुहेरी बंदीत आहे.

टीमस्टर्सचा इतिहास काळाकुट्ट होता. गुन्हेगारी टोळ्यांचा युनियनवर ताबा आहे, असं म्हणत अमेरिकी सरकारने 1988 साली खटला भरला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. तिच्यातली सगळ्यात मोठी अट अशी की, अध्यक्ष यापुढे अधिवेशनातल्या प्रतिनिधींनी नव्हे तर प्रत्येक सदस्याने गुप्त मतदानाने निवडायचा, आणि निवडणुकीवर न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याची देखरेख राहील. 1991 च्या पहिल्या थेट निवडणुकीत रॉन केरी जिंकले. न्यूयॉर्कमध्ये पार्सलची गाडी चालवलेला माणूस, सुधारणावाद्यांचा उमेदवार. आल्या आल्या त्यांनी युनियनची विमानं विकली, स्वतःचा पगार कमी केला. ज्यांनी वर्षानुवर्षं धमक्या सोसून युनियन स्वच्छ करण्यासाठी काम केलं होतं, त्यांच्यासाठी तो विजय फार मोठा होता.

1996 साली त्यांच्यासमोर उभे राहिले जेम्स पी. हॉफा, त्याच जिमी हॉफांचा मुलगा. नाव मोठं, पाठिंबा तगडा. केरींच्या प्रचाराकडे पैसे कमी पडायला लागले. युनियनचा पैसा घेता येत नाही, कुठल्या मालकाचा घेता येत नाही. प्रचारप्रमुख जेरी नॅश, टपालाने प्रचारपत्रं पाठवणाऱ्या संस्थेचे मार्टिन डेव्हिस आणि फोनवरून निधी गोळा करणाऱ्या संस्थेचे मायकेल अन्सारा यांनी मिळून एक अदलाबदल रचली.

ती अशी. युनियनला बाहेरच्या राजकारणासाठी देणग्या देता येतात. अमेरिकेत त्याच नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही होती, त्यामुळे मतदार जागृती करणाऱ्या, डाव्या विचारांच्या संस्थांना युनियनने पैसे देणं यात कुणाला वावगं वाटलं नसतं. त्या काही आठवड्यांत टीमस्टर्सच्या तिजोरीतून चार संघटनांना मिळून 8,85,000 डॉलर गेले. एकट्या सिटिझन ॲक्शन या संस्थेला 4,75,000. कागदावर सगळं नियमात. पण या देणग्यांच्या मागे बोली ठरलेली होती: युनियनने इकडे मोठी रक्कम द्यायची, आणि त्याच्या बदल्यात तिकडून कुणीतरी, मालक नसलेल्या व्यक्तीच्या नावाने, केरींच्या प्रचाराला पैसे द्यायचे. देणारा आपलं नुकसान वेगळ्या मार्गाने भरून घेणार. संस्था त्याच्या कंपनीला कामाचे पैसे म्हणून ती रक्कम देईल, वगैरे. ज्या बाईंनी 95,000 डॉलर दिले त्या अन्सारांच्या पत्नी होत्या. अन्सारा स्वतः कंपनी चालवत होते, म्हणजे मालक, त्यांना देणगी देता येत नव्हती. पत्नीला देता येत होती.

हे गणित समजायला एक युक्ती आहे. मधली सगळी नावं झाका आणि फक्त दोन टोकं पाहा. एका टोकाला कामगारांची वर्गणी कमी झाली, दुसऱ्या टोकाला उमेदवाराचा प्रचारनिधी वाढला. मधल्या माणसांपैकी कुणाच्याच खिशाला खरी तोशीस लागली नाही. मग पैसा कुणाचा, हे सांगायला हिशोबतपासनीस लागत नाही.

डिसेंबर 1996 मध्ये मोजणी झाली. साडेचार लाखांहून अधिक मतांत केरी सुमारे 16,000 मतांनी जिंकले. चौकशी मात्र चालू राहिली. ऑगस्ट 1997 मध्ये त्यांनी यूपीएस या पार्सल कंपनीविरुद्ध 1,85,000 कामगारांचा संप पुकारला. पंधरा दिवस तो चालला आणि जिंकला. अर्धवेळ राबणाऱ्यांना पूर्णवेळ नोकऱ्या देण्याचं कंपनीला कबूल करावं लागलं. त्या काळात अमेरिकेतल्या कामगार चळवळीला असा विजय दुर्मीळ होता. आणि संप मिटून तीन दिवस होतात न होतात तोच, 22 ऑगस्टला, निवडणूक अधिकारी बार्बरा झॅक क्विंडेल यांनी 1996 ची निवडणूक रद्द ठरवली.

सप्टेंबरात नॅश, डेव्हिस आणि अन्सारा या तिघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. नोव्हेंबरात, या प्रकरणाचा निवाडा करायला नेमलेले माजी न्यायाधीश केनेथ कॉनबॉय यांनी केरींना फेरनिवडणुकीत उभं राहण्यास अपात्र ठरवलं. केरींना हे सगळं माहीत होतं आणि त्यांनी ते चालू दिलं, असा कॉनबॉय यांचा निष्कर्ष होता. पुढच्या वर्षी केरींना युनियनमधूनच काढलं. युनियनचे राजकीय विभागप्रमुख विल्यम हॅमिल्टन यांना 1999 साली दोषी ठरवलं गेलं, त्यांना तुरुंगवास झाला.

केरींनी मात्र शेवटपर्यंत म्हटलं की, मला यातलं काही माहीत नव्हतं. चौकशीत खोटं बोलल्याचा फौजदारी खटला त्यांच्यावर चालला, आणि 2001 साली ज्यूरीने त्यांना सर्व आरोपांतून निर्दोष सोडलं. हे दोन निकाल एकमेकांना छेद देतात असं वाटेल, पण ते दोन वेगळे प्रश्न होते. या माणसाने शपथेवर खोटं सांगितलं हे निःसंशय सिद्ध होतं का, हा ज्यूरीपुढचा प्रश्न. या निवडणुकीत कामगारांचा पैसा एका बाजूने वापरला गेला का, हा निवडणूक अधिकाऱ्यापुढचा. पहिल्याचं उत्तर काहीही असो, दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर निवडणूक टिकत नाही.

1998 च्या फेरनिवडणुकीत हॉफा जिंकले आणि 2022 पर्यंत अध्यक्ष राहिले. त्यांच्या प्रचारातही नियमभंग सापडले होते आणि दंड झाला होता, हे नोंदवायला हवं. पण मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. सुधारणेच्या बाजूच्या माणसांनी, ‘आपला हेतू चांगला आहे, समोरचा आला तर युनियन पुन्हा गाळात जाईल,’ असं स्वतःला समजावत तेच केलं ज्याच्या विरोधात ते लढले होते. आणि त्याची किंमत त्या हजारो साध्या सदस्यांनी मोजली, ज्यांनी सुट्टीच्या दिवशी, पदरचं पेट्रोल जाळून, प्रामाणिकपणे प्रचार केला होता.

टीमस्टर्सच्या निवडणुकीवर न्यायालयाचा अधिकारी बसलेला होता, म्हणून निदान निकाल वर्षाच्या आत लागला. इतर युनियनांत सदस्याला नेहमीच्या वाटेने जावं लागतं, आणि ती वाट लांब आहे. आधी तक्रार युनियनच्या आतच करायची, म्हणजे बहुतेक वेळा ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याकडेच. तिथला अंतिम निर्णय विरुद्ध गेला, किंवा तीन महिन्यांत निर्णयच आला नाही, तर पुढच्या एका महिन्यात श्रम खात्याकडे जायचं. ही मुदत चुकली की दार बंद. श्रम खातं चौकशी करतं, आणि तथ्य आढळलं तर साठ दिवसांत खातंच न्यायालयात दावा लावतं. सदस्याला स्वतः निवडणूक रद्द करून मागता येत नाही. न्यायालयात नुसता नियम मोडल्याचं दाखवून भागत नाही, त्याचा निकालावर परिणाम झाला असण्याची शक्यताही असावी लागते. दोन झेरॉक्स काढल्या आणि उमेदवार पाच हजार मतांनी जिंकला, तर निवडणूक तशीच राहते. मात्र 1968 साली न्यूयॉर्कमधल्या हॉटेल कामगारांच्या युनियनच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट सदस्यांच्या बाजूने पक्की केली. नियमभंग सिद्ध झाला की परिणाम झाला असावा असंच धरून चालायचं, झाला नाही हे दाखवण्याचं ओझं युनियनवर.

या सगळ्या काळात निवडून आलेला माणूस खुर्चीवरच असतो.

आपल्याकडे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. थोडक्यात सांगतो. 1926 च्या आपल्या ट्रेड युनियन कायद्यात युनियनचा सर्वसाधारण निधी कशाकशावर खर्च करता येईल याची यादीच दिली होती: पदाधिकाऱ्यांचे पगार, ऑफिस, कोर्टकचेऱ्या, औद्योगिक तंटे, सदस्यांना मदत, अगदी नियतकालिक चालवणंही. त्याबाहेर खर्च करायचा नाही. बाहेरच्या राजकारणासाठी वेगळा निधी, त्यात पैसे देणं ऐच्छिक. आणि सदस्याला हिशोबाच्या वह्या तपासण्याचा हक्क. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने हा कायदा आपल्यात सामावून घेतला आहे. पण ‘युनियनच्या आतल्या निवडणुकीत कुणा उमेदवारासाठी हा पैसा वापरायचा नाही,’ असं थेट वाक्य 1926 च्या कायद्यात नव्हतं. ज्यांनी कधी वर्गणीची पावती फाडली आहे त्यांनी आपल्या युनियनची घटना काढून याबद्दल काय लिहिलंय ते जरूर बघावं.

उशिरा मिळणारा न्याय किती उशिरा मिळू शकतो, याचं उदाहरण टीमस्टर्सच्याही आधीचं आहे. ते सांगताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

नोव्हेंबर 1968 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 78 कामगार गेले. खाण कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष टोनी बॉयल तिथे आले आणि कंपनीबद्दल चांगलं बोलून गेले. पुढच्या मे महिन्यात युनियनच्याच वरिष्ठ फळीतले जोसेफ याब्लॉन्स्की, ज्यांना सगळे जॉक म्हणत, बॉयल यांच्या विरोधात अध्यक्षपदासाठी उभे राहिले. युनियनचं मुखपत्र प्रत्येक खाण कामगाराच्या घरी जायचं. त्यात बॉयल पानोपानी होते. याब्लॉन्स्की उभे आहेत याची बातमीच नव्हती. निवृत्त खाण कामगारांनाही मतदानाचा हक्क होता, आणि जूनमध्ये त्यांचं निवृत्तिवेतन एकदम महिना 115 वरून 150 डॉलर झालं. याब्लॉन्स्कींच्या वकिलाने श्रम खात्याला पुन्हा पुन्हा विनवलं की आत्ताच लक्ष घाला, निवडणुकीआधी घाला. खात्याने निवडणूक होण्याआधी मध्ये पडायला नकार दिला.

9 डिसेंबर 1969 ला मतदान झालं. बॉयल जिंकले. याब्लॉन्स्कींनी निकालाला आव्हान देण्याची तयारी केली. 31 डिसेंबरच्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या क्लार्क्सव्हिल इथल्या घरात ते, त्यांची पत्नी आणि मुलगी यांना झोपेत गोळ्या घालून ठार मारण्यात आलं. मारेकऱ्यांसाठीचे 20,000 डॉलर युनियनच्या निधीतून काढले होते. संशोधन आणि माहिती समिती असं एक नाव कागदावर तयार केलं, निवृत्त खाण कामगारांच्या नावाने धनादेश काढले, त्यांनी ते वटवून पैसे परत आणून दिले. पुढे बॉयल यांना या खुनांसाठी जन्मठेप झाली, ती भोगत असतानाच ते वारले. प्रचाराचं पत्रक आणि खून यांची तुलना मी करत नाहीये. पण पैसा बाहेर काढण्याची पद्धत पाहा: चांगलंसं नाव, खोटं काम, मधली माणसं. सत्तावीस वर्षांनी टीमस्टर्समध्ये दिसली ती याच वाटेची सभ्य आवृत्ती.

याब्लॉन्स्कींच्या अंत्ययात्रेनंतर त्यांच्या साथीदारांनी लढा सोडला नाही. आता श्रम खातंही हललं आणि न्यायालयात गेलं. मे 1972 मध्ये न्यायाधीश विल्यम ब्रायंट यांनी 1969 ची निवडणूक रद्द केली. युनियनचा पैसा आणि युनियनचं मुखपत्र बॉयल यांच्या प्रचारासाठी वापरलं गेलं, हे त्यामागचं मोठं कारण होतं. फेरनिवडणूक सरकारी देखरेखीखाली झाली, त्याच वर्षी डिसेंबरात. म्हणजे ज्या निवडणुकीत कायदा मोडला होता तिच्या जोरावर बॉयल तीन वर्षं अध्यक्ष होते.

या वेळी त्यांच्यासमोर होते अर्नॉल्ड मिलर. वेस्ट व्हर्जिनियातले खाण कामगार, कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेले. ते जिंकले. त्या निवडणुकीआधी खाणीच्या वस्त्यांमध्ये घरोघरी नेहमीसारखंच युनियनचं मुखपत्र आलं. फरक एवढाच होता की न्यायालयाच्या हुकमाने त्यात दोन्ही बाजूंना सारखी जागा दिलेली होती.